अर्ध्या बिस्किटाची बचत

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत बिस्कीटराव म्हणते. नाव मी ठेवलं. ते आपल्याला मुळीच आवडत नाही असं ते सांगतात, पण जिन्यात कुणी त्या नावानं हाक मारली की मान मात्र लगेच वळते.

त्यांचं काम म्हणजे बिस्किटं खाणं. चोवीस वर्षं एक माणूस पगार घेऊन बिस्किटं खातोय, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या ह्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की त्या बिचाऱ्यानं ताटातून डोकं वर काढलं नाही. पुढे वहिनींकडून, म्हणजे बिस्कीटरावांच्या बायकोकडून, सगळं ऐकलं आणि त्या नोकरीचा हेवा जरा कमी झाला.

बिस्किटांच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला एक पांढरी खोली आहे. भिंती पांढऱ्या, टेबल पांढरं, बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून एकामागे एक दोन दारं. बिस्कीटराव तिथे सकाळी साडेसातला पांढरा कोट चढवून बसतात. भट्टीतून घाणा निघाला की त्यातली दोन बिस्किटं बशीतून समोर येतात. आधी नमुन्याच्या डब्यातलं अर्धं बिस्कीट चावायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची, मग नव्या घाण्यातलं अर्धं. नमुन्याच्या डब्यात पूर्वी पसंत झालेल्या घाण्याची बिस्किटं हवाबंद ठेवलेली असतात. मागे पडलेलं घड्याळ लावून घ्यावं तशी त्यावर जीभ लावून घ्यायची. मग चिठ्ठी लिहायची : 'बरोबर' किंवा 'गोडी जास्त' किंवा 'गोडी कमी', आणि खाली सही. चिठ्ठी पीठ मळायच्या खोलीत जाते. तिथला माणूस, ज्याला सगळे पीठवाला म्हणतात, तो चिठ्ठीप्रमाणे साखरेचं माप कमी-जास्त करतो.

शेजारच्या खोलीत यंत्रं घेऊन एक बाई बसते. ती साखर, ओल, रंग, जाडी सगळं मोजून वहीत लिहिते. बिस्कीटराव तिला मोजमापवाली म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नाही. कारखान्यात चालते ती चिठ्ठी. वही कपाटात जाते.

चावलेलं थुंकायला पेला असतो. पण बिस्कीटरावांचं म्हणणं असं की शेवटची चव घशात कळते, तेव्हा थोडं गिळल्याशिवाय सही करणं म्हणजे फसवणूक. अशी चोवीस वर्षं फसवणूक टाळल्यावर मागच्या वर्षी रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखरेची सरासरी नऊच्या वर.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी विचारलं, "मासे?" बिस्कीटराव म्हणाले, नाही. "चिकन?" नाही. "अंडं तरी?" त्यावर वहिनी म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरात नाही." बाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाल्या, "मग आता मला काम आहे."

तो कागद मी पाहिलाय, फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. दिवसाला कर्बोदकं साठ ग्रॅम, त्यावर नाही. पाव नाही, भात नाही, बटाटा नाही, साखर तर नाहीच. पनीर, टोफू, पालक, कोबी, फ्लॉवर, मशरूम, काकडी, दही, बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया. कडधान्यं मोजून.

"कडधान्यं मोजून का?" बिस्कीटराव त्या कागदाशी भांडत होते. "डाळींत प्रथिनं असतात. शाळेपासून ऐकतोय."

"असतात ना," वहिनी म्हणाल्या, "पण त्यांच्यासोबत पिठूळपणाही येतो. एकट्यानं येत नाहीत."

"मांस खाणाऱ्यांचं बरं आहे. भात काढला की मासा उरतो. माझ्या ताटातून भात काढला की ताट उरतं."

मी दारात उभी होते. म्हटलं, "ताटात कर्बोदकं नसतात, भाऊजी. चाटा खुशाल." त्यांनी माझ्याकडे पाहून दार लावून घेतलं. आपटलं नाही, त्यांचा स्वभाव तसा नाही, पण लावलं.

आता खरी गोष्ट. हा आजार त्यांनी कारखान्यात सांगितला नाही. त्यांच्या आधी त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला एका तापात वास येईनासा झाला होता. त्याला दुसऱ्या आठवड्यात गोदामात रिकामी खोकी मोजायला पाठवलं. बिस्कीटराव तेव्हा नवे होते आणि रोज दुपारी तो माणूस त्यांना डबा खाताना दिसायचा, खोक्यांच्या मध्ये, एकटा. खुर्ची गेली की माणसाचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ठरलं : साखर खाली आणायची आणि कुणाला कळू द्यायचं नाही. वहिनींना माहीत, डॉक्टरांना माहीत आणि मला. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही अशी माझी ख्याती आहे, पण ही राहिली. कशी राहिली ते माझं मला माहीत.

पहिले दोन आठवडे त्या घरात कुणाला धड बसता आलं नाही. बिस्कीटराव जेवून उठले की पाच मिनिटांत फ्रिज उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे. पुन्हा उघडायचे, जणू मधल्या वेळात आत कुणी काही ठेवून गेलंय. मग व्हरांड्यात फेऱ्या. आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत एकवीस पावलं, हे मला त्यांच्यामुळे कळलं, कारण ते मोठ्यानं मोजत. डोकं दुखायचं, पायांत गोळे यायचे. मीठ आणि पाणी वाढवा, असं आहारवाल्या बाईंनी सांगितलं तेव्हा जरा थांबलं.

वहिनी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळतात. त्यांना वर्गवारीची सवय. त्यांनी फ्रिजचे कप्पे वाटून टाकले : वर निर्धास्त खायचं, मध्ये मोजून, खाली फक्त वहिनींचं. बिस्कीटराव खालच्या कप्प्यासमोर उकिडवे बसलेले मी स्वतः पाहिलेत. खात नव्हते. नुसते बसले होते.

"काय बघताय?" मी विचारलं.

"बटाटा."

"काही म्हणतोय का?"

"तुम्ही जा बरं."

फ्लॉवर किसून भात म्हणून खायचा प्रयोग झाला. पहिल्या घासाला ते म्हणाले, "हा फ्लॉवर आहे." वहिनी म्हणाल्या, "हो." ते म्हणाले, "नाही, मी तक्रार करत नाहीये, नोंद करतोय." चव घेणाऱ्या माणसाला फसवून खाऊ घालता येत नाही, ही वहिनींची मोठी अडचण. दुसऱ्या कुणाला त्यांनी वाटेल ते खपवलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. दिवसाला अकरा घाणे. प्रत्येकाला अर्धं नमुन्याचं आणि अर्धं घाण्याचं, म्हणजे अकरा बिस्किटं. एका बिस्किटात सहा ग्रॅम कर्बोदकं. निम्मं थुंकलं तरी तेहतीस ग्रॅम पोटात. साठातले तेहतीस कारखान्यातच संपले, तर घरी काय पालक हुंगायचा? "सगळं थुंका," वहिनी म्हणाल्या. "मग सही कशाच्या जोरावर करू?" हे म्हणाले.

आणि मग त्यांनी ती बचत शोधून काढली. नमुन्याचं अर्धं बिस्कीट खायचंच नाही. चोवीस वर्षं तेच खातोय, ती चव तोंडपाठ आहे, रोज रोज काय उजळणी करायची? साडेसोळा ग्रॅम वाचले. साडेसोळा ग्रॅम म्हणजे रात्रीच्या जेवणाला वाटीभर मसूर. त्या वाटीचं ते माझ्यासमोर इतक्या प्रेमानं वर्णन करत होते की मलाही वाटलं, हुशार माणूस. नमुन्याच्या डब्यातून अर्धं बिस्कीट काढायचे, कुणी पाहिलं तर दिसावं म्हणून, आणि कोटाच्या खिशात टाकायचे. संध्याकाळी येताना ते तुकडे खालच्या अंगणात चिमण्यांना. चिमण्या फुगल्या, हे फुगायचे थांबले.

आहार लागू पडला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मी घरी शिवणाचं काम करते. दोन महिन्यांत त्यांच्या पँटी मी दोनदा आत घेतल्या. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. सरासरी सातच्या खाली आली. वहिनी रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांच्या थोरल्या भावाचा पाय गेला होता यात. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही." त्यानंतर मी त्या आहाराची टर उडवणं कमी केलं. बंद नाही केलं, कमी केलं.

आणखी एक झालं, आणि त्यावर आम्ही तिघंही हसलो. बिस्कीटरावांना सगळं गोड लागायला लागलं. गाजर गोड. दूध गोड. एकदा कच्चा कांदा खाऊन म्हणाले, "यात कुणी साखर घातली?" आम्ही म्हटलं, चला, गरिबीत मेजवानी. हसताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही जीभ उद्या सकाळी साडेसातला कामावर जाणार आहे.

ती गेली. सोमवारी पहिल्याच घाण्याला चिठ्ठी निघाली, 'गोडी जास्त'. पीठवाल्यानं साखर कमी केली. मंगळवारी पुन्हा 'गोडी जास्त'. आणखी कमी. बुधवारी पुन्हा. मोजमापवालीनं वहीत लिहिलं की साखर ठरल्यापेक्षा खाली गेलीय, पण वही कपाटात गेली. पीठवाला बारा वर्षं चिठ्ठी वाचतोय, त्यानं चिठ्ठीच वाचली.

गुरुवारी गडबड उठली ती जिभेतून नाही, पाकिटं भरणाऱ्या यंत्रातून. साखर कमी झाली की बिस्कीट भट्टीत पसरत नाही, जागच्या जागी फुगतं आणि रंगही फिका राहतो. पाकिटात बिस्किटं मोजून बाराच बसायची. प्रत्येक बिस्कीट जरासं जाड झालं आणि बाराची चळत पाकिटात मावेना. कागद फाटायला लागला, यंत्र दर दहा मिनिटांनी अडकायला लागलं, आणि दुपारपर्यंत जमिनीवर फिक्या बिस्किटांचा ढीग.

मोठे साहेब स्वतः खाली आले. त्यांचा हिशोब सरळ होता : चूक एकतर जिभेची किंवा हाताची. आधी जीभ तपासू. तिथे दर वर्षी चव घेणाऱ्याची परीक्षा होते, ती लगेच घेतली. पाच पेले पाणी, प्रत्येकात साखर किंचित वेगळी, क्रमानं लावायचे. मग तीन बशा, दोन सारख्या आणि एक वेगळी, ती ओळखायची, असं सात वेळा. बिस्कीटरावांनी पेले इतक्या झटपट आणि बरोबर लावले की परीक्षा घेणाऱ्यालाच खात्रीसाठी आपला कागद दोनदा पाहावा लागला. बशा सातही वेळा बरोबर. चोवीस वर्षांत इतके गुण त्यांना कधी मिळाले नव्हते.

"जिभेला तोड नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे सोमवारी घाणा खरंच गोड होता. पीठवाल्यानं आधी साखर जास्त घातली आणि मग घाबरून नको तितकी काढली. उद्यापासून त्याला पिठावरून काढा." मोजमापवालीनं वही पुढे केली, सोमवारची साखर बरोबर होती म्हणून. साहेब म्हणाले, "तुमचं यंत्र जुनं झालंय."

हे सगळं बिस्कीटरावांनी त्या संध्याकाळी व्हरांड्यात सांगितलं. उभ्यानं, चालत. एक वाक्य आमच्या दाराशी, दुसरं लिफ्टपाशी. मी आणि वहिनी मान इकडून तिकडे फिरवत होतो.

"मग झालं ना चांगलं," मी म्हटलं. "पैकीच्या पैकी मिळाले."

ते लिफ्टपाशी थांबले. "शेजारीणबाई, मी नमुना चाखलाच नव्हता."

"मग?"

"जीभ आता तीव्र झालीय. त्यामुळे दोन चवींतला फरक कळतो, पूर्वीपेक्षा जास्त कळतो. पण गोडी किती असायला पाहिजे ते नमुन्याशी ताडल्याशिवाय नाही कळत. मी जुन्या जिभेची आठवण आणि नवी जीभ यांची तुलना करत बसलो. नमुना चाखला असता तर तोही गोडच लागला असता. लगेच उमगलं असतं."

वहिनी म्हणाल्या, "त्याला पिठावरून काढून कुठे पाठवणार?"

"भट्टीची राख काढायला."

"किती वर्षं मळतोय तो?"

"बारा."

"मग सांगून टाका."

"सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल. नमुना का खाल्ला नाही? साखर आहे म्हणून. साखर कधीपासून? मग खोकी मोजायला जायचं का मी?" पुन्हा चालायला लागले. "आणि नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नाही. परीक्षेत पैकीच्या पैकी आहेत मला. कागद आहे."

"कागद आहे खरा," वहिनी म्हणाल्या, आणि आत जाऊन पालक निवडायला बसल्या. त्यांचं हे असंच. बोलायचं ते एकदाच, मग भाजी.

मी एरवी अशा वेळी काहीतरी टोचून बोलते. त्या दिवशी नुसती पावलं मोजली. एकवीस पावलं जायची आणि एकवीस यायची. शेवटी मीच दार लावून घेतलं.

शुक्रवारी ते पांढरा कोट न घालताच साहेबांच्या खोलीत गेले. पीठवाला बाहेर बाकावर बसला होता, हातात टोपी. बिस्कीटराव दार उघडं ठेवूनच बोलले, त्यालाही ऐकू जावं म्हणून. आजार सांगितला, आहार सांगितला, खिशातले तुकडे सांगितले. चिमण्यांपर्यंत सांगितलं. चिमण्यांची काही गरज नव्हती असं माझं मत, पण कबुली द्यायला बसलेला माणूस कुठे थांबेल सांगता येत नाही.

साहेब ओरडतील अशी तयारी करून हे गेले होते. साहेब ओरडले नाहीत. पीठवाल्याला आत बोलावून "जा, कामावर लाग" म्हणाले. मग बिस्कीटरावांना बसवलं आणि म्हणाले, "एवढंच ना? महिनाभर सगळ्यांसारखं खा. पाव खा, भात खा, चहात साखर घाला. जीभ पहिल्यासारखी होईल. तोपर्यंत रजा घ्या. खुर्ची तुमचीच आहे."

हे ऐकायची तयारी त्यांनी केली नव्हती.

"सोमवारी सांगतो," म्हणाले आणि घरी आले. शनिवार-रविवार त्या घरात काय चाललं होतं ते मी भिंतीला कान न लावताही सांगू शकते, कारण आवाजच नव्हता. फक्त पावलं. वहिनींनी साहेबांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट केली. रविवारी दुपारी फ्रिजवरचा कागद काढला आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला. दुसऱ्या बाजूला बशीत पावाचे दोन तुकडे, लोणी लावलेले. स्वतः समोर बसल्या.

"हे काय?" ते म्हणाले.

"तुम्ही ठरवा. जीभ तुमची आहे, पायही तुमचेच आहेत. मी लपवाछपवी करणार नाही आणि तुम्हीही करायची नाही. खायचं तर इथे, माझ्यासमोर."

मी तेव्हा शिवलेली पँट द्यायला गेले होते, तेवढ्यात हे समोर आलं, म्हणून तिथेच उभी राहिले. जायला हवं होतं. गेले नाही.

त्यांनी पावाचा तुकडा उचलला. नाकाशी नेला. चव घेणारी माणसं आधी वास घेतात, तसाच. बराच वेळ घेतला. "लोणी ताजं आहे," म्हणाले. मग तुकडा परत ठेवला, बशी माझ्याकडे सरकवली. "घ्या. तुम्हाला काय, तुमची जीभ नुसती बोलायच्या कामाची."

मी खाल्ला. उत्तर द्यायला तोंड रिकामं नव्हतं.

सोमवारी त्यांनी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. तरी साहेबांनी त्यांना गोदामात पाठवलं नाही. सातही वेळा वेगळी बशी ओळखणारा माणूस खोक्यांत कोण घालवेल? नवं पीठ, नवं तूप, नवा पुरवठादार आला की जुन्या मालात आणि नव्यात फरक पडला का, हे सांगायचं काम त्यांच्याकडे दिलं. तीन बशा, वेगळी कुठली ते सांगायचं, सगळं पेल्यात थुंकायचं. फरक ओळखायला गिळावं लागत नाही. घाण्याची चिठ्ठी मात्र गेली. नमुन्याशी ताडून, यंत्रावर मोजून ती आता मोजमापवाली लिहिते आणि सही तिची.

खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. पहिल्या सकाळी मोजमापवालीनं चिठ्ठी लिहिली, 'बरोबर', आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्याकडे सरकवली. हे त्यांनी संध्याकाळी आमच्याकडे बसून सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"पेन हातात आलं होतं. टोपणही काढलं होतं."

"मग केलीत सही?"

"नाही. चिठ्ठी वाचली, तिच्याकडे परत सरकवली आणि म्हटलं, बाई, ही तुमची. तीही गडबडली. मग मी माझ्या तीन बशा ओढल्या. मधली वेगळी होती."